पहिला नाताळ, 'आपलं' चर्च आणि सकाळी सहाची ड्युटी

(ज्यांना ऐकायला जमत नाही, किंवा ज्यांची लोकलमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत. बाकी जसं बोलले तसंच.)



सणासुदीच्या आधी मला एक प्रश्न हमखास येतो. कुणी बेंगळुरूहून विचारतं, कुणी दुबईहून, कुणी डब्लिनहून. शब्द वेगळे, प्रश्न तोच. "ताई, लग्नानंतरचा पहिलाच सण आहे. सुट्टी नाही, तिकिटं परवडत नाहीत, दोन्ही घरं लांब. काय करायचं?"

याचं उत्तर दोन ओळींच्या मेसेजमध्ये देता येत नाही. म्हणून आजचा भाग. मी तुम्हाला आमचा पहिला नाताळ सांगणार आहे. आणि शेवटी चार कामाच्या गोष्टी, ज्या दिवाळीला, ईदला, ओणमला, कशालाही चालतील.

आधी आम्ही कोण

आपल्याकडे पहिल्या दिवाळसणाचं केवढं कौतुक असतं, माहितीये ना? जावई सासुरवाडीला जाणार, अभ्यंगस्नान, ओवाळणी, आहेर. ख्रिस्ती घरात दिवाळसण नसतो, पण लग्नानंतरच्या पहिल्या नाताळाकडून अपेक्षा थेट तेवढ्याच. फक्त एक घोळ आहे. दिवाळसणाला कुठे जायचं हे ठरलेलं असतं. नाताळला कुणाच्या घरी जायचं हे कुणीच ठरवून ठेवलेलं नाही. आणि नाताळ तर एकच!

मी वसईची. आगाशी-नंदाखाल पट्ट्यातली. कॅथलिक. माझा नवरा नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, आणि तो प्रोटेस्टंट. पुण्यात भेटलो, मी नर्सिंग करत होते, तो मेकॅनिकल. बाहेरच्यांना वाटतं, दोघंही ख्रिश्चन, दोघंही मराठी, मग प्रश्न काय? [हसते] तर ऐका.

मराठी ख्रिस्ती माणसाबद्दल लोकांचा एक समज असतो की हे सगळे गोव्याचे आणि घरात इंग्रजी बोलणारे. तसं नाहीये. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालचं, ओवीबद्ध, मराठीत. आमच्या वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ही आमची बाजू. नवऱ्याच्या बाजूला अमेरिकन मराठी मिशन. ते लोक १८३१ साली नगरला आले. आणि तिथले सगळ्यात मोठे नाव म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. त्यांची भजनं आजही तिकडच्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर म्हणतात.

म्हणजे आमच्या दोघांच्या लहानपणी नाताळ मराठीतच होता, पण शब्द वेगळे. मी म्हणते मिस्सा, तो म्हणतो उपासना. माझे फादर, त्याचे पाळकसाहेब. आमच्याकडे गावातली पोरं महिनाभर खपून गोठा करतात. गोठा म्हणजे बाळ येशूच्या जन्माचा देखावा. त्याच्याकडे मुलं नाटिका बसवतात. माझ्याकडे कलकल आणि फुगे, त्याच्याकडे करंज्या, चकल्या, शंकरपाळी, म्हणजे सगळा दिवाळीचाच फराळ. आमच्याकडे रात्रीच्या मिस्सेनंतर गावभर दारं उघडी. त्यांच्याकडे प्रीतिभोजन. सगळी मंडळी एका पंगतीत बसून जेवते.

गोड वाटतंय ना ऐकायला? आम्हालाही वाटलं होतं. मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोन फोन आले. आधी माझ्या आईचा. "नाताळच्या रात्री आपल्या चर्चला जाणार ना गं?" दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा. "बाळा, तिकडे आपलं चर्च आहे ना जवळ?"

दोघींनी शब्द एकच वापरला. 'आपलं'. आणि दोघींचं 'आपलं' वेगळं होतं.

घरी का गेलो नाही

आम्ही राहतो जर्मनीत, आउग्सबुर्ग नावाच्या शहरात. म्युनिकपासून रेल्वेने साधारण पाऊण तास. नवरा तिथे आधीपासून दोन वर्षं नोकरीला. मे महिन्यात लग्न झालं आणि भाषेची परीक्षा, कागदपत्रं, व्हिसा असं सगळं पार पाडून मी सप्टेंबरमध्ये तिथल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्स म्हणून लागले.

डिसेंबरचं ड्युटीचं वेळापत्रक लागलं. २५ तारीख, माझ्या नावापुढे सकाळची पाळी. सहाला हजर.

आता इथे नर्सिंगमधल्या माझ्या बहिणींना लगेच कळेल. मुंबईत असताना मी कधी नाताळला ड्युटी केली नव्हती, कारण मी दिवाळीला करायचे. लक्ष्मीपूजन माझं, भाऊबीज माझी. बदल्यात २४ची रात्र आणि २५ मला मोकळी. हॉस्पिटलात ही उधारी कुठेही लिहिलेली नसते, पण सगळ्यांच्या डोक्यात पक्की असते. तिथे मी तीन महिन्यांची. माझ्या खात्यात काहीच जमा नव्हतं, मग काढणार कुठून?

आईला सांगितलं. ती म्हणाली, "पहिला नाताळ आणि तू ड्युटीवर?" मग दोन दिवस फोन नाही. माझी आई रागावली तर बोलते. गप्प बसते तेव्हा तिला लागलेलं असतं.

जर्मनीतला नाताळ: दार बंद

आपण सिनेमात बघतो तो युरोपातला नाताळ म्हणजे झगमगाट, बाजार, गर्दी. ते सगळं खरं आहे, पण २४ तारखेच्या आधीचं. डिसेंबरभर आमच्या टाउन हॉलसमोर बाजार भरतो, संध्याकाळी ठरावीक दिवशी टाउन हॉलच्या खिडक्यांमध्ये देवदूतांच्या वेशातली मंडळी येऊन उभी राहतात, खाली सगळे माना वर करून बघतात. फार सुंदर.

पण २४ला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद होतात. २५ आणि २६ दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. म्हणजे दुकान उघडणार थेट २७ला, आणि मध्ये रविवार आला तर त्याच्याही पुढे. रस्त्यावर चिटपाखरू नाही. प्रत्येक जण आपापल्या घरात, आपापल्या माणसांत. दारं बंद, खिडकीत दिवा.

माझ्या नवऱ्याचा आधीच्या दोन वर्षांचा अनुभव तोच. पहिल्या वर्षी त्याला दुकानांचं माहीतच नव्हतं, म्हणून २५ला त्याने दोन्ही वेळा नूडल्स खाल्ले. तो म्हणाला, "इथे नाताळ सगळ्यात जास्त आहे, आणि इथेच सगळ्यात एकटं वाटतं."

मला हे उलटं वाटलं होतं. मला वाटलं होतं की ख्रिस्ती देशात चाललोय, निदान हा सण तरी परका वाटणार नाही. पण वसईतला नाताळ गावाचा असतो. आगाशीत २४च्या रात्री तुम्ही कुणाच्याही घरात शिरा, बशी पुढे येते. जर्मनीतला नाताळ घराचा असतो. आणि आमचं घर म्हणजे तीन महिन्यांचा संसार, दोन खुर्च्या आणि भाड्याच्या घरातलं एक टेबल.

शहराने शिकवलेली गोष्ट

आता जरा इतिहास. कंटाळू नका, कामाचा आहे.

आउग्सबुर्ग हे काही साधं शहर नाही. कॅथलिक आणि लुथरन यांच्यातला १५५५चा प्रसिद्ध तह झाला तो याच शहरात. त्या तहाने ठरवलं की राजाचा पंथ तोच प्रजेचा. पण आउग्सबुर्गसारख्या ज्या शहरांत दोन्ही पंथांची माणसं आधीच शेजारी राहत होती, तिथे दोघांनी एकत्र राहायचं. हे लगेच सुखाने झालं असं नाही. पुढे तीस वर्षांचं भयंकर युद्ध झालं. १६४८च्या तहानंतर या शहरात सत्तेची पदं दोन्ही पंथांत समसमान वाटायची पद्धत आली. १६५०पासून तिथे शांततेचा उत्सव होतो, आणि ८ ऑगस्टची सरकारी सुट्टी आजही फक्त या एका शहरात असते. नवऱ्याच्या ऑफिसमधले म्युनिकहून येणारे लोक त्यावरून फार जळतात. [हसते]

आणि याच शहरात एक चौक आहे, जिथे संत उलरिखच्या नावाची दोन चर्च अगदी एकमेकांना लागून उभी आहेत. मागे मोठं, उंच मनोऱ्याचं कॅथलिक. पुढे लहानसं प्रोटेस्टंट. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नवऱ्याला म्हटलं, "हा आपल्या लग्नाचा फोटो आहे." तो म्हणाला, "हो, आणि मोठं चर्च तुझंच आहे, हे बघून ठेवलंय मी."

अजून एक गंमत मला तिथल्या सहकाऱ्यांशी बोलताना कळली. जर्मनीत खूप काळ गोठा ही कॅथलिकांची खूण होती आणि नाताळचं झाड प्रोटेस्टंटांची. गोठ्याची गोष्ट १२२३ सालची, इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिसने मांडलेला देखावा. झाड आधी रुजलं ते प्रोटेस्टंट घरांत. आज बऱ्याच जर्मन घरांत झाडाखाली गोठा असतो. मुलांना भेटी आणणारं 'क्रिस्टकिंड', म्हणजे बाळ येशू, ही मूळची लुथरच्या बाजूची पद्धत. आणि ती आज सगळ्यात जास्त रुजलीये ती कॅथलिक बव्हेरियात! जर्मनीतला सगळ्यात प्रसिद्ध कागदी तारा, हेर्नहूटचा, तो एका प्रोटेस्टंट शाळेत मुलांना भूमिती शिकवताना तयार झाला. मी मात्र लहानपणापासून समजत होते की तारा म्हणजे आमच्या वसईच्या पोरांचाच शोध. बांबूच्या कामट्या, पतंगी कागद आणि खळ.

सांगायचा मुद्दा काय, जे आज 'आपलं' वाटतं त्यातलं बरंचसं कधीतरी शेजाऱ्याकडून आलेलं असतं. कुणीतरी पहिल्यांदा ते घरात आणलं असेल, आणि कुणाची तरी आई त्या दिवशी गप्प बसली असेल.

एकच प्रश्न

बरं, पण याने २४ तारखेचं काय करायचं ते ठरत नाही. आमची यादी इतकी वाढली की भांडण व्हायची वेळ आली. तुझी मिस्सा, माझी उपासना, कलकल की चकली, कुणाच्या घरी आधी फोन, किती वेळ. त्यात पहाटे उठायचं.

शेवटी नवऱ्याने कागद घेतला आणि म्हणाला, "एकच गोष्ट लिही. जी नसेल तर तुला नाताळ झाला असं वाटणारच नाही. बाकी सगळं राहू दे." दोघांनी वेगवेगळं लिहायचं, मग दाखवायचं.

मला वाटलं तो लिहील 'आमचं चर्च'. त्याला वाटलं मी लिहीन 'मिस्सा'.

मी लिहिलं होतं, 'उघडं दार'.

त्याने लिहिलं होतं, 'पंगत'.

आम्ही दोघं बराच वेळ त्या कागदांकडे बघत बसलो. कारण दोन्ही एकच गोष्ट होती. दुसरी माणसं हवी होती.

चर्च महत्त्वाचं नव्हतं असं नाही. त्याबद्दल पुढे सांगते. पण भांडण ज्या गोष्टींवरून चाललं होतं, त्या आम्हाला हव्या होत्या त्या गोष्टी नव्हत्याच.

२४ तारीख

मग आम्ही माणसं शोधली. माझ्या वॉर्डातली एक मल्याळी नर्स, जिचा नवरा त्या रात्री ड्युटीवर. नवऱ्याच्या ओळखीचे युनिव्हर्सिटीतले दोन विद्यार्थी, एक नागपूरचा, एक मदुराईचा. आणि माझी एक बोस्नियन सहकारी. ती मुस्लिम आहे. दर वर्षी नाताळची ड्युटी स्वतःहून मागून घेते आणि बदल्यात ईदला सुट्टी. तिला सांगितलं मी मुंबईत काय करायचे ते, तर इतकी हसली! म्हणाली, "म्हणजे तू पण आमच्यातलीच." २५ला सकाळी आम्ही दोघी एकाच पाळीत होतो.

फराळाची तयारी चार दिवस आधी. इथे एक टिप. करंजीला रवा हवा, तर जर्मनीत दुकानात 'ग्रीस' मागा. रव्याला तिथे ग्रीस म्हणतात. माझ्या मेकॅनिकल इंजिनियर नवऱ्याने यावर जे विनोद केले ते इथे सांगत नाही. ओलं खोबरं मिळालं नाही, सुक्यावर भागवलं. कलकलं काट्याच्या चमच्यावर वळली. आमच्याकडे मोठ्या सणाला डुकराचं इंदयाल असतं, पण पाहुणे बघून चिकन केलं, आईने बांधून दिलेला मसाला घालून. तारा केला तो मांस भाजायच्या लाकडी काड्यांचा आणि बेकिंगच्या कागदाचा. एक कोपरा वाकडा झाला. तसाच लावला खिडकीत.

संध्याकाळी आधी पुढच्या, लहान चर्चमध्ये गेलो. त्याच्या. बर्फ वगैरे काही नव्हता बरं का, बारीक पाऊस होता आणि साडेचारच्या आसपास अंधार. उपासना जर्मनमध्ये. शेवटी दिवे मंद करून सगळे उभे राहिले आणि 'श्टिले नाख्ट' सुरू झालं. आपण ज्याला सायलेंट नाइट म्हणतो, ते. १८१८च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावात ते पहिल्यांदा गायलं गेलं, एक तरुण पाद्री आणि एक शिक्षक, साथीला गिटार. ते एका कॅथलिक चर्चमधलं गाणं. आणि मी ते ऐकत होते प्रोटेस्टंट चर्चमध्ये, शेजारी माझा नवरा हळू आवाजात मराठी शब्द म्हणत होता. मी पण माझे मराठी शब्द म्हणाले. ओळी जुळत नव्हत्या. चाल एकच होती.

साडेसात

भारत आणि जर्मनी, हिवाळ्यात फरक साडेचार तासांचा. वसईत रात्रीचे बारा म्हणजे आमचे साडेसात. आम्ही दोन्ही घरी आधीच सांगून ठेवलं होतं. वसईला साडेसातला फोन, वीस मिनिटं. नगरला पहाटे साडेचारला, तेव्हा तिकडे सकाळचे नऊ, उपासना सुरू व्हायच्या बेतात.

वसईचा फोन लागला. बाबांनी मोबाईल गोठ्यासमोर धरला, मेंढ्या दाखवल्या, यंदा केलेला ओहोळ दाखवला, पाणी खरंच वाहतंय हे तीनदा दाखवलं. आई समोर येईना. आतूनच ओरडून बोलत होती, "मला काम आहे." मग आली. पदराला हात पुसत उभी राहिली. पहिला प्रश्न, "जावई जेवले का?"

दुसरा प्रश्न, "कुठल्या चर्चला गेलात?"

मी म्हटलं, "त्याच्या जाऊन आलो. रात्री आपल्या जाणार. दोन्ही."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, झालं. मग म्हणाली, "दोन्ही? एवढ्या थंडीत? मफलर घातला का त्यांनी?"

मी तेवढ्यावर खूश आहे. सगळं सुटलं असं मी म्हणत नाही.

आठला पाहुणे आले. आमचं दार आम्ही खरंच उघडं ठेवलं होतं, जिन्यातली थंडी आत येत होती तरी. नागपूरचा मुलगा म्हणाला, "ताई, हीटिंगचं बिल येईल." मग लावलं. [हसते] खुर्च्या दोनच, म्हणून जमिनीवर चादर अंथरली आणि पंगत बसली. नवऱ्याने प्रार्थना मराठीत केली. मल्याळी मैत्रिणीने मल्याळममध्ये. बोस्नियन मैत्रीण घरून बकलावा घेऊन आली होती, तो करंजीच्या ताटातच ठेवला. मदुराईच्या मुलाला चिकन तिखट लागेल असं वाटलं होतं, त्याने तीनदा घेतलं. दहाला सगळे उठले, कारण आम्हा दोघींना पहाटेची ड्युटी आणि मला अजून मिस्सा.

मोठं चर्च

आता जे सांगणार आहे ते जरा नाजूक आहे.

कॅथलिक मिस्सेत ख्रिस्तप्रसाद घ्यायला रांगेत पुढे जातात. आमच्या नियमाप्रमाणे साधारणपणे दुसऱ्या पंथाच्या माणसाने तो घ्यायचा नसतो. लग्नाआधी आम्हाला हे माहीत होतं. कॅथलिक मुलीला प्रोटेस्टंट मुलाशी चर्चमध्ये लग्न करायचं तर बिशपांची परवानगी लागते, आणि मुलीला वचन द्यावं लागतं की मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्याचा मी माझ्या परीने पूर्ण प्रयत्न करीन. नवऱ्याला त्या वचनाची कल्पना द्यावी लागते. सगळं रीतसर झालं. कागदावर सही करायला दोन मिनिटं लागली.

पण नाताळच्या रात्री, भरलेल्या चर्चमध्ये, आख्खा बाक उठतो आणि तुमचा नवरा एकटा बसून राहतो, ते वेगळं असतं.

मी आदल्या दिवशी त्याला म्हटलं होतं, मी पण नाही जाणार पुढे, तुझ्यासोबत बसते. तो म्हणाला, "माझ्यासाठी तू थांबलीस तर ते मला जास्त लागेल. तू जा. मी जागा धरून ठेवतो."

तर मी गेले. रांग लांब होती. परत आले तेव्हा त्याने गुडघे बाजूला घेऊन मला वाट दिली आणि माझा कोट उचलून मांडीवर घेतला, मला बसायला जागा व्हावी म्हणून. आम्ही काही बोललो नाही.

त्याच्या घरच्या पुस्तकांमधून आमच्या संसारात एक पुस्तक आलंय, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले, कारण लक्ष्मीबाईंना ते पटलं नव्हतं. ते वाचल्यावर आमचा फरक फारच लहान दिसतो. पण लहान खडासुद्धा चपलेत असला की जाणवतो. मुलं झाली की काय, हा प्रश्न आमच्या घरात बसलेला आहे. त्या रात्री तो सुटला नाही. फक्त इतकं कळलं की तो बाजूला बसलेला असताना आम्ही दोघं एका बाकावर बसू शकतो.

साडेचार

साडेबाराला झोपले, साडेचारला उठले. इतक्या पहाटे आमच्या भागात सुट्टीच्या दिवशी बस नसते, म्हणून नवरा चालत सोडायला आला. एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. नगरचा फोन. सासऱ्यांनी मोबाईल चर्चच्या दाराशी धरला होता, आत पेटी लावणं चाललं होतं, कुणीतरी तबला ठोकून बघत होतं. मग भजन सुरू झालं. सासूबाई मध्येच म्हणाल्या, "ऐकू येतंय का?" येत होतं. ओले रस्ते, एकही माणूस नाही, खिडक्यांमध्ये तारे आणि कानात टिळकांचं भजन.

सहाला मी वॉर्डात. ज्यांना घरी पाठवता येत होतं त्या पेशंटना आधीच पाठवलं होतं. उरले होते ते खरोखर आजारी, किंवा ज्यांना न्यायला कुणी आलं नाही असे. मी डब्यातून कलकलं नेली होती. ज्यांना चालतील त्यांना दिली. एका आजीने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "आमच्याकडचा नाताळ." त्यांनी एक खाल्लं आणि दुसरं रुमालात बांधून ठेवलं, मुलगी दुपारी येणार होती म्हणून.

चार कामाच्या गोष्टी

तर मंडळी, ज्यांचा पहिला सण लांब पडलाय त्यांच्यासाठी.

एक. यादी करू नका. दोघांनी वेगवेगळ्या कागदावर एकेक गोष्ट लिहा, जी नसेल तर सण झालाच नाही असं वाटेल. मग दाखवा. आपण ज्यावरून भांडतोय ते आणि आपल्याला हवंय ते, यात बरंच अंतर असतं.

दोन. घरच्यांना फोनची वेळ आधी सांगा, आणि पाळा. दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवला तर तुम्ही तिकडेही नसता आणि इकडेही नसता. वीस मिनिटं पुरतात. रुसलेल्या माणसालाही वेळ ठरलेली असली की समोर यायला सोपं जातं.

तीन. तुमच्यासारखं कोण एकटं आहे ते शोधा, आणि आपल्याच धर्माचं, आपल्याच भाषेचं असायला हवं असा हट्ट धरू नका. ड्युटीची उधारीही आत्तापासून जमा करायला लागा. दुसऱ्याच्या सणाला काम करा. आता त्या बोस्नियन मैत्रिणीच्या ईदला मी आहे, ठरलंय.

चार. किराणा आधी भरा! हसू नका. परदेशात मोठ्या सणाला दुकानं किती दिवस बंद असतात ते पहिल्या वर्षी कुणालाच माहीत नसतं. दूध, पीठ, कांदे. आणि रवा हवा असेल तर, हो, ग्रीस.

आणि जो प्रश्न सुटत नाहीये, तो सणाच्या दिवशीच सोडवायला बसू नका. त्यालाही एक पाट द्या.

पुढच्या वर्षी सुट्टी मिळायची शक्यता आहे. तेव्हा आम्ही घरी जाऊ. आधी वसईला की आधी नगरला? ते अजून ठरलं नाहीये, आणि कृपा करून माझ्या आईला हा भाग पाठवू नका.

तुमचा पहिला लांबचा सण कसा झाला, मला व्हॉइस नोट पाठवा. दोन मिनिटांच्या आत, प्लीज. भेटूया पुढच्या भागात. तोवर जेवलात का, ते एकमेकांना विचारत राहा.